जुन्या एअर-कूल्ड स्पोर्ट्स कारचे इंजिन ऑईल

ज्या मोटारीच्या इंजिनाला रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही, पाण्याचा थेंबही नाही, तिथे ऑईलवर दोन कामे पडतात : एक वंगणाचे आणि दुसरे उष्णता वाहून नेण्याचे. पोर्शे ३५६, १९६४ ते १९९८ या काळातल्या पोर्शे ९११, फोक्सवॅगनची कारमन घिया आणि अमेरिकेतली शेवरोले कॉर्वेअर या अशा गाड्यांपैकी ठळक. जाणकार ९११च्या इंजिनाला अर्धे हवेने आणि अर्धे ऑईलने थंड होणारे इंजिन म्हणतात, ते उगाच नाही. म्हणून या गाड्यांसाठी ऑईल निवडताना ‘सगळ्यात नवे, सगळ्यात महाग ते घाला’ हा एरवी चालून जाणारा हिशेब लागू पडत नाही. या इंजिनांची धातुरचना, भागांमधल्या फटी आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) ज्या काळात ठरले, त्या काळच्या ऑईलचे काही गुण आजच्या बऱ्याच डब्यांत मुद्दाम कमी केलेले असतात.

हवा उष्णता उचलते, पण पाण्याइतकी झटपट नाही. त्यात पंखा इंजिनाच्याच फेऱ्यांवर फिरतो. रहदारीत गाडी रेंगाळली की पंखाही रेंगाळतो आणि सिलिंडर हेड तापत जाते. पिस्टनखालची, हेडमधली आणि बेअरिंगमधली उष्णता ऑईल उचलते व कूलरमध्ये सोडते. ९११ मध्ये साधारण ९० ते ११० अंश सेल्सियस हे ऑईलचे रोजचे तापमान समजावे. काटा १२० च्या पुढे टिकून राहिला, तर दुसऱ्या ग्रेडचे ऑईल आणण्याआधी कूलर, त्याच्याकडे जाणारी पाइपलाइन आणि थर्मोस्टॅट (तापल्यावर ऑईलला कूलरची वाट उघडणारी झडप) तपासणे शहाणपणाचे. थर्मोस्टॅट अडकलेला असेल, तर ऑईल कोणतेही घाला, ते पुढच्या कूलरपर्यंत पोहोचतच नाही.

९११ चे इंजिन ‘ड्राय संप’ पद्धतीचे आहे. ऑईल इंजिनाच्या तळाशी साठत नाही. ऑईल पंपाचा एक भाग ते क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या कवचातून) ओढून वेगळ्या टाकीत टाकतो, दुसरा भाग तिथून बेअरिंगकडे दाबाने पाठवतो. टाकी मागच्या उजव्या चाकाजवळ असते आणि पुढच्या कूलरसह सगळी यंत्रणा धरली, तर एकूण ऑईल दहा लिटरच्या वर जाते. साध्या कारला चार-पाच लिटर पुरतात. १९७२ च्या मॉडेलमध्ये कंपनीने ही टाकी चाकाच्या पुढे आणली आणि ऑईल भरण्याचे झाकण उजव्या दरवाजामागे बाहेरच्या बाजूला दिले. पेट्रोल पंपावरच्या माणसांनी त्यात पेट्रोल ओतायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी ते झाकण गायब झाले.

पातळी मोजण्याची रीतही याच रचनेतून येते. इंजिन पुरते तापलेले, गाडी सपाट जागी आणि इंजिन चालू, अशा अवस्थेतच डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजण्याची काडी, खरे बोलते. रात्रभर उभ्या गाडीत बरेचसे ऑईल टाकीतून क्रँककेसमध्ये झिरपलेले असते. सकाळी काडी कोरडी दिसते, मालक घाबरून लिटरभर ओततो आणि तापल्यावर जास्तीचे ऑईल टाकीच्या श्वासनळीवाटे इनटेकमध्ये (इंजिन हवा ओढते त्या वाटेत) जाऊन निळा धूर निघतो. ‘या इंजिनाला ऑईल सोसत नाही’ अशा कितीतरी तक्रारींचे मूळ या लिटरभरात असते.

आता ग्रेड. डब्यावरच्या २०डब्ल्यू-५० मधला पहिला आकडा थंडीतले वर्तन सांगतो : २०डब्ल्यू ची चाचणी उणे १५ अंशांना होते, १०डब्ल्यू ची उणे २५ ला. दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा. जुन्या एअर-कूल्ड इंजिनांना ५० ची ग्रेड मानवते, त्यामागे साधे धातुशास्त्र आहे. १९६८ ते १९७७ या काळातल्या ९११ ची क्रँककेस मॅग्नेशियमची होती, क्रँकशाफ्ट पोलादाचा. तापल्यावर मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावते, म्हणजे इंजिन गरम झाले की मेन बेअरिंगमधली फट वाढते. पातळ ऑईल त्या फटीतून निसटते आणि दाब पडतो. ९११ वाल्यांचा जुना ठोकताळा असा की गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार दाब दिसला पाहिजे. मात्र थंड इंजिनात काटा टोकाला गेला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही; तो दाब दाट ऑईलच्या अडथळ्याचा असतो, आणि नेमके तेव्हाच कॅमपर्यंत ऑईल उशिरा पोहोचते. म्हणून कडक थंडीच्या प्रदेशात, किंवा गाडी मुख्यतः हिवाळ्यात चालत असेल तर, १५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-४० कडे सरकावे. खुद्द पोर्शेची जुन्या एअर-कूल्ड गाड्यांसाठीची ‘क्लासिक’ ऑईल दोन आहेत : २.७ लिटरपर्यंतच्या बॉक्सर (आडव्या, समोरासमोर सिलिंडरांच्या) इंजिनांना २०डब्ल्यू-५० आणि ३.० लिटरपासून पुढे १०डब्ल्यू-६०.

ग्रेडपेक्षाही जास्त सांगणारा, पण डब्यावर क्वचितच दिसणारा आकडा म्हणजे एचटीएचएस (हाय टेम्परेचर, हाय शिअर). १५० अंशांना, बेअरिंगमध्ये होते तशा जोरदार घर्षणात ऑईलचा दाटपणा किती टिकतो, ते यातून कळते. तो ३.५ मिलिपास्कल-सेकंदांच्या खाली असेल, तर ते ऑईल या इंजिनासाठी नाहीच. डब्यामागे एसीईए (युरोपीय मोटार उत्पादकांची संघटना) हिचा ए३/बी४ हा दर्जा लिहिलेला असेल, तर ही अट पाळलेली असते. इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी पातळ ऑईल इथेच बाद होतात.

दुसरा मुद्दा झेडडीडीपी या जस्त-फॉस्फरसयुक्त पुरकाचा, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याभोवती आहेत. १९४० च्या दशकापासून वापरात असलेले हे रसायन दाब आणि उष्णतेखाली धातूवर काचेसारखा अतिशय पातळ थर बसवते. धातू धातूला भिडण्याऐवजी तो थर झिजतो. ९११ मध्ये रॉकर (व्हॉल्व्ह ढकलणारी पट्टी) कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, थेट घासत जातो, ३५६ आणि कारमन घियात कॅमवर सपाट टॅपेट (कॅमची हालचाल पुढे नेणारे दट्टे) असतात. मध्ये रोलर नाही. त्यामुळे हा थर इथे कामाचा. पण फॉस्फरस धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) दर्ज्यांमध्ये त्याची कमाल मर्यादा उतरत गेली : एसएच च्या काळी ०.१२ टक्के, एसजे आणि एसएल ला ०.१०, २००४ च्या एसएम पासून ०.०८.

‘म्हणून एसएम च्या पुढचे काहीही घालू नका’ असा सल्ला यावरून सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना लागू होते. २०डब्ल्यू-५० ला नाही. एसएन (एसएम नंतरचा दर्जा) लिहिलेल्या २०डब्ल्यू-५० मध्ये फॉस्फरस ०.१२ टक्के असू शकतो आणि नसूही शकतो. उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात जस्त आणि फॉस्फरसचे आकडे पाहावेत, ०.१० ते ०.१४ टक्के फॉस्फरस पुरेसा आहे. वरून बाटलीतले पुरक ओतून हे प्रमाण वाढवण्याचा उत्साह टाळलेला बरा. जादा झेडडीडीपी ने संरक्षण त्या प्रमाणात वाढत नाही, आणि अतिरेक झाला तर पृष्ठभागाचे टवके उडू शकतात. डिझेलचे १५डब्ल्यू-४० घालण्याचा जुना तोडगाही आता तितका भरवशाचा नाही : त्यातल्या भरपूर डिटर्जंटची धातूच्या त्याच पृष्ठभागासाठी झेडडीडीपी शी स्पर्धा चालते, आणि डिझेल ऑईलच्या सीजे-४ या एपीआय दर्जापासून तिथेही फॉस्फरसवर मर्यादा आली. एसीईए च्या सी वर्गातली कमी राखेची ऑईल तर या कामाची नव्हेतच.

कॅमची अवस्था कळायला अंदाज नको. व्हॉल्व्ह सेटिंगच्या वेळी कव्हर उघडलेलेच असते. लोबवर बॅटरीचा उजेड तिरपा टाकावा. निरोगी लोब सलग, एकसारखा चमकतो. टोकाशी बारीक खड्डे किंवा नखाला लागणारी कड दिसली, तर झीज लोबच्या कडक केलेल्या वरच्या थराच्या आत गेली आहे आणि ती कोणत्याही ऑईलने भरून येणार नाही.

मिनरल की सिंथेटिक हा वाद मात्र आहे त्यापेक्षा मोठा केला जातो. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑईलनी रबरी सील आकसत असत. आता त्यात सील फुगवणारे घटक मिसळतात. तरी जुने इंजिन सिंथेटिकवर आणले की गळती दिसू लागते, कारण आधीच कडक झालेल्या सीलभोवती साचलेला गाळ धुतला जातो. ९११ मध्ये बहुधा ऑईल रिटर्न ट्यूबच्या (हेडमधले ऑईल क्रँककेसमध्ये परत नेणाऱ्या नळ्यांच्या) रिंगा आणि व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट पहिल्यांदा ओली होतात. सील नवे असतील आणि गाडी जोरात हाकली जात असेल, तर सिंथेटिक घ्यावे, उष्णतेत ते जास्त टिकते. आठवड्यातून एकदा फेरफटका मारणाऱ्या गाडीला चांगले मिनरल २०डब्ल्यू-५० पुरते. त्याचे दोन आकडे फार लांब नसल्याने दाटपणा राखणारे पॉलिमर त्यात कमी लागतात, आणि तुटायला तेवढे कमी असतात.

नव्याने बांधलेल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. पिस्टन रिंग सिलिंडरला बसण्यासाठी थोडे घासणे गरजेचे असते, म्हणून सुरुवातीला झेडडीडीपी भरपूर असलेले मिनरल ऑईल वापरून ते लवकर काढतात, सिंथेटिक नंतर.

ऑईल बदलण्याचा हिशेब अंतरापेक्षा कॅलेंडरवर करावा. कमी चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे अंश, ओल आणि आम्ले साचतात. छोट्या फेऱ्यांत ऑईल नीट तापतच नाही, त्यामुळे ती उडून जात नाहीत. वर्षाला एकदा, आणि तेही गाडी महिनोन् महिने झाकून ठेवण्याआधी बदलावे, म्हणजे बेअरिंग आम्लात भिजत पडत नाहीत. कारमन घियासारख्या गाड्यांत जेमतेम अडीच लिटर ऑईल आणि फिल्टरच्या जागी नुसती जाळी असते. तिथे वर्षाची वाट न पाहता दर तीन ते पाच हजार किलोमीटरला ऑईल काढून जाळी धुवावी लागते.