फुप्फुसांची तंतुमयता : रुग्णांतील फरक

वायुकोशांच्या पातळ भिंती जाड व ताठर होऊन त्यांत व्रणासारखे तंतू साचण्याला फुप्फुसांची तंतुमयता किंवा फायब्रोसिस म्हणतात. चालताना लागणारा दम, कोरडा खोकला आणि पाठीवर स्टेथोस्कोप टेकवताच ऐकू येणारा, वेल्क्रोची पट्टी उचकटावी तसा आवाज ही लक्षणे यातील बहुतेक आजारांत सारखीच असतात. त्यामुळे रुग्णांतला फरक मुख्यतः पूर्वेतिहास आणि एचआरसीटी (छातीचा बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) यांवरून काढावा लागतो.

कारण सापडत नाही अशा प्रकाराला आयपीएफ (इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस) म्हणतात. तो बहुधा साठीपुढील, धूम्रपान केलेल्या पुरुषांत आढळतो आणि फुप्फुसाच्या तळाशी, कडेलगत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात. संधिवात किंवा स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होण्याचा आजार) यांतून उद्भवणाऱ्या प्रकारात रुग्ण अनेकदा तरुण असतो व सांधे, त्वचा आधी बोलतात. श्वासातून जाणाऱ्या कणांविषयीच्या अतिसंवेदनशीलतेमुळे होणाऱ्या प्रकारात मात्र डॉक्टरला घरातच शिरावे लागते : खिडकीच्या कठड्यावरची कबुतरे, कूलरच्या जाळीतले ओले गवत, भिंतीवरची बुरशी, आणि साखर कारखान्याच्या परिसरात बुरसलेल्या बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ. भारतातील 19 शहरांमधील 27 केंद्रांच्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत वायुकोशांच्या भिंतींच्या आजारांच्या 1,084 रुग्णांपैकी 47.3 टक्के या प्रकारचे, तर आयपीएफचे 13.7 टक्केच होते. अतिसंवेदनशील गटातील जवळजवळ निम्म्यांचा कूलरशी संबंध होता. अर्थात कूलर घरोघरी असतो, तेव्हा तो असणे हाच पुरावा मानता येत नाही.

हा भेद उपचारांत कळीचा ठरतो. अतिसंवेदनशील प्रकारात संपर्क तोडणे ही पहिली पायरी असून दाह असेल तर स्टिरॉइडचा उपयोग होऊ शकतो. याउलट 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पँथर चाचणीत प्रेडनिसोन हे स्टिरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारे अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र घेणाऱ्या आयपीएफ रुग्णांत मृत्यू व रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणाऱ्या गटापेक्षा अधिक आढळले.

तथापि एकदा व्रण पसरू लागले की नावांतील अंतर कमी होते. 2019 च्या इनबिल्ड चाचणीत आयपीएफ नसलेले, पण औषधोपचारांनंतरही मागील 24 महिन्यांत बिघडलेले 663 रुग्ण घेतले होते. प्लासिबो गटाची श्वासक्षमता 52 आठवड्यांत सरासरी 187.8 मिलिलिटरने घटली, तर निंटेडॅनिब हे तंतुमयता मंदावणारे औषध घेणाऱ्यांची 80.8 मिलिलिटरने. म्हणूनच आता निदानाच्या नावाबरोबरच दर काही महिन्यांनी मोजलेला ऱ्हासाचा वेगही तुलनेत धरला जातो.