रिपोर्ट एकाचा, हिशेब दोघांचा

नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयातून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून मिळालेल्या कागदावर खरं तर दोन अक्षरं वाचायची असतात : एए, एएस किंवा एसएस. एए म्हणजे सिकलसेल नाही आणि एसएस म्हणजे आजार आहे, हे लोकांना लवकर कळतं. घोळ होतो तो मधल्या एएसचा. कुणी त्याला ‘थोडासा सिकलसेल’ म्हणतं, कुणी ‘पहिली स्टेज’. दोन्ही चूक. एएस माणूस वाहक असतो, म्हणजे स्वतः आजारी नसतो पण दोष मुलांना देऊ शकतो. तो जन्मभर एएसच राहतो, त्याचा पुढे एसएस होत नाही, आणि लघवीतून क्वचित रक्त जाणं किंवा अतिश्रमात त्रास होणं असे मोजके अपवाद सोडले तर त्याची तब्येत इतरांसारखीच असते. त्याला चिंता करायची ती जोडीदाराच्या रिपोर्टची.

अक्षरं दोनच का? आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा बनतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. जोडी असल्यामुळे या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, आणि रिपोर्टवरची दोन अक्षरं त्या दोन प्रतींचीच : ए म्हणजे चांगली प्रत, एस म्हणजे बिघडलेली.

बिघाड म्हणाल तर अगदी लहान. सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या आपल्या जनुकीय मजकुरात एका ठिकाणी ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ येतं. त्यामुळे बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, ते पाण्यात रमतं; व्हॅलिन पाण्यापासून दूर पळतं. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन नेमकं तिथं जाऊन अडकतं. एकाला एक रेणू चिकटत लांब कडक धागे तयार होतात आणि मऊ, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. फुप्फुसात पुन्हा ऑक्सिजन मिळाला की बऱ्याच पेशी परत गोल होतात, पण हे वारंवार झाल्यावर पेशीचं आवरण खराब होतं आणि ती कायमची वाकडीच राहते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या की हाडांत, पोटात, छातीत असह्य दुखणं. एएस माणसाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत ए आणि एस दोन्ही हिमोग्लोबिन असतात. ए प्रकार धाग्यांत नीट बसत नाही, त्यामुळे एरवी धागे वाढतच नाहीत.

जेम्स हेरिक या डॉक्टरनं शिकागोत १९१० मध्ये अशा वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतातली पहिली नोंद १९५२ची, निलगिरीच्या आदिवासींमधली. आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या वाहकांविषयी लिहिलं. विदर्भात हा दोष आदिवासी समाजांपुरता आहे ही समजूत मात्र अजून गेलेली नाही. अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीयांतल्या अनेक समाजांतही तो आहे. कारण जुनं आहे : एएस मुलाला फाल्सिपॅरम हा घातक मलेरिया झाला तरी तो जीवघेणा होण्याची शक्यता बरीच कमी असते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये हे पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडलं. जंगलपट्ट्यात पिढ्यानपिढ्या मलेरिया राहिला, वाहक मुलं जास्त जगली आणि जनुक टिकलं.

आता हिशेब. आई किंवा वडील आपल्या दोन प्रतींपैकी एकच मुलाला देतात. कोणती, हे दर वेळी नव्यानं ठरतं. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एए असण्याची शक्यता २५ टक्के, एएसची ५० टक्के आणि एसएसची २५ टक्के. ‘चारातलं एक’ याचा अर्थ अनेक घरांत असा लावला जातो की पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली. तसं होत नाही. आधीच्या बाळाला काय मिळालं याची नोंद जनुकं ठेवत नाहीत. नाणं पुन्हा वर उडतं तेव्हा त्याला मागचा छापा-काटा आठवत नसतो. अशा जोडप्याला दोन मुलं झाली तर किमान एक एसएस असण्याची शक्यता १६ पैकी ७, म्हणजे जवळपास ४४ टक्के आहे. उलट तीनही मुलांना आजार नसण्याची शक्यता ६४ पैकी २७ आहे. म्हणजे तीन धडधाकट मुलं पाहून आईवडील वाहक नाहीत असं म्हणता येत नाही.

एएस आणि एए या जोडीला एसएस मूल होत नाही. निम्मी मुलं वाहक असू शकतात, एवढंच. त्यामुळे एएस मुलगी सांगून आली म्हणून सोयरीक मोडणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. मुलगा एए असेल तर अडचण कुठली? एसएस व्यक्तीनं एए जोडीदाराशी लग्न केलं तर सगळी मुलं एएस होतील, आजारी कुणीच नाही. एसएस आणि एएस जोडीत मात्र धोका निम्म्यावर जातो. नात्यातल्या लग्नांचा हिशेब वेगळा करावा लागतो : मुलगा वाहक असेल, तर मामाची किंवा आत्याची मुलगी तेच जनुक घेऊन असण्याची शक्यता फक्त सामाईक आजीआजोबांमुळेच आठात एक असते, आणि समाजातलं प्रमाण त्यात वेगळं मिळवायचं.

हा आजार अप्रभावी प्रकारचा आहे, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय होत नाही. सगळे आनुवंशिक आजार असे चालत नाहीत. हंटिंग्टन आजारात एकच बिघडलेली प्रत पुरते आणि धोका प्रत्येक मुलाला निम्मा असतो. हिमोफिलिया आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता एक्स गुणसूत्रावरून जातात. मुलाकडे एक्स एकच असल्यानं त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. बाप हिमोफिलियाचा रुग्ण असला तरी त्याचा आजार मुलाकडे जात नाही, मुली मात्र सगळ्या वाहक होतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१वं गुणसूत्र एक जादा असतं, आणि बहुतेक वेळा ते वारशानं आलेलं नसून बीजपेशी बनताना झालेली चूक असते.

सिकलसेलकडे परत येऊ, कारण त्यातली सर्वांत दुखरी गुंतागुंत अजून सांगायची आहे.

गावपातळीवर किंवा शिबिरात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. बोटातून घेतलेलं थोडंसं रक्त, साधारण २० मायक्रोलिटर, २ मिलिलिटर द्रावणात टाकतात. द्रावणातलं सॅपोनिन पेशी फोडतं आणि डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. एस हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसत नाहीत. पाच मिनिटांत निकाल, खर्च थोडा. पण ही चाचणी फक्त ‘एस आहे की नाही’ एवढंच सांगते. एएस आणि एसएस दोन्ही तिला सारखेच. सहा महिन्यांखालच्या बाळात ती फसते, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं एफ हिमोग्लोबिनच जास्त असतं. फार ॲनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तरी ती फसू शकते. द्रावण जुनं झालं तर डायथायोनाइट निकामी होतं आणि खरा वाहकही निगेटिव्ह दिसतो. म्हणून माहीत असलेला एक पॉझिटिव्ह नमुना रोज सोबत लावायलाच हवा.

आणि ही चाचणी थॅलेसेमिया पकडत नाही. बीटा थॅलेसेमियात जनुक वाकडी साखळी बनवत नाही, साखळीच कमी बनवतं किंवा अजिबात बनवत नाही. असा वाहक सोल्युबिलिटीत स्वच्छ निगेटिव्ह येतो. जरीपटक्यातल्या सिंधी वस्तीत बीटा थॅलेसेमियाची माहिती बऱ्याच घरांत असते, पण तो फक्त सिंधी-पंजाबी घरांत असतो असं समजू नका. आई एएस, वडील थॅलेसेमियाचे वाहक, तर २५ टक्के मुलांना आईचं एस आणि वडिलांचं बिघडलेलं बीटा असं दोन्ही मिळतं. अशा मुलाला सिकलसेलसारखाच आजार होतो. वडिलांचं जनुक साखळी अजिबात बनवत नसेल तर मुलाच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या (विजेनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीच्या) पट्टीवर ए दिसतच नाही. दिसतात एस आणि एफ, अगदी एसएससारखे. मग घरात प्रश्न निघतो : मूल एसएस, आई एएस आणि बाप निगेटिव्ह, हे कसं? संशय आईच्या चारित्र्यावर जातो. वास्तविक चूक बापाच्या अर्धवट तपासणीची असते. त्याची एचपीएलसी (हिमोग्लोबिनच्या प्रत्येक प्रकाराचे टक्के सांगणारी तपासणी) केली की ए-टू हे एरवी थोडंच असणारं हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर निघतं, तांबड्या पेशी लहान असतात आणि कोडं तिथंच सुटतं. समुपदेशकानं आईवडील दोघांची एचपीएलसी हातात आल्याशिवाय ‘एसएस’वर एक शब्दही बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एचपीएलसीच्या रिपोर्टवर टक्के वाचायचे. साध्या वाहकात एस साधारण ३५ ते ४० टक्के आणि ए नेहमी त्याच्यापेक्षा जास्त. एस ए-पेक्षा जास्त दिसला, पण थोडा ए-ही आहे, तर दोन शक्यता : एस-बीटा थॅलेसेमिया, किंवा रुग्णाला नुकतंच रक्त चढवलंय. दुसऱ्या शक्यतेसाठी तीन-चार महिने थांबून पुन्हा तपासायचं, किंवा थेट डीएनए तपासणी करायची. लोह कमी असलं की ए-टू खाली येतं आणि थॅलेसेमियाचा वाहक लपतो, त्यामुळे सीमेवरचा आकडा आला तर लोह भरून काढून पुन्हा पाहावं. नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत, दोन मिलिलिटर पुरतो. उपाशीपोटी यायची गरज नाही.

आजार असलेल्या मुलाच्या घरी नागपूरचा उन्हाळा जपून काढावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, शरीरातलं पाणी कमी होतं, तांबड्या पेशी आटतात आणि त्यांतलं एस हिमोग्लोबिन दाट होतं. धागे बनण्याचा वेग या दाटपणावर विलक्षण अवलंबून असतो. थोडा दाटपणा वाढला की वेग कित्येक पटींनी वाढतो. म्हणून तहान लागायची वाट न पाहता पाणी पाजत राहायचं, शाळेत बाटली आणि लघवीला जायची मोकळीक द्यायची. डिसेंबरातली थंडीही दुखणं उठवते. ताप चढला तर घरी पॅरासिटामॉल देऊन रात्र काढू नये. या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही आणि जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. लहान मुलाच्या डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला कशी लागते हे आईनं डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. ती एकदम मोठी झाली आणि मूल पांढरं पडलं तर तातडीनं रक्त लागतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध एफ हिमोग्लोबिन वाढवतं आणि दुखण्याचे झटके कमी करतं, पण त्यावर असताना रक्तपेशींची मोजणी नियमित हवी. रक्त कमी दिसतंय म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं.

दोघंही एएस असलेल्या जोडप्यानं लग्न करू नये, असा सल्ला सर्रास दिला जातो. लग्न करावं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं. त्यांना माहीत असायला हवी ती वेळ. गर्भाच्या वारेतून नमुना साधारण ११व्या आठवड्यात घेता येतो, गर्भजलाचा १६व्या आठवड्याच्या सुमारास. त्याआधी आईवडिलांचे बिघाड नेमके ठरलेले हवेत. पाळी चुकल्यावर तपासणी सुरू केली तर हा वेळ हातातून निसटतो. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हेही प्रयोगशाळेला तपासावं लागतं, नाहीतर बाळाऐवजी आईचाच रिपोर्ट येतो. १९९४च्या लिंगनिदानविरोधी कायद्यात हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीला मुभा आहे. लिंग सांगणं तिथंही गुन्हाच.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. माझ्या मते योग्य वय कॉलेजचं. साखरपुडा झाल्यावर रिपोर्ट कुणी शांतपणे वाचत नाही. घरात एक एसएस निघाला की तपासणी त्याच्यापाशी थांबवू नये. आजार नसलेल्या त्याच्या प्रत्येक भावाबहिणीची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे, अर्धी नव्हे : चार शक्यतांपैकी एसएस वगळली की तीन उरतात आणि त्यांतल्या दोन एएस असतात. काका, आत्या, मामा, मावशी यांची शक्यता निदान निम्मी, आणि त्यांच्यापैकी जो एएस निघेल त्याच्या मुलांचीही निम्मी.