गणात वंदन कोणाला? सातारा-सांगलीच्या शाहिरीची पार्श्वभूमी

शाहिराची राजकीय बाजू ओळखायची तर पहिल्या गणाकडे, म्हणजे आरंभीच्या नमनाकडे, कान द्यावा. नमन कोणाला केले, यातच बरेच उघड होते.

उपलब्ध पवाड्यांत सर्वांत जुना अगीनदासाचा, प्रतापगडाखाली 1659 साली झालेल्या अफजलखान-वधाचा. कवनातच बिदागी नोंदली आहे: घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा. म्हणजे शाहीर दरबाराचा. जोतीराव फुल्यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचला, तेव्हा राजा ‘कुळवाडी भूषण’ झाला. साचा तोच, पण धनी बदलला. पुढे फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचा विचार गाऊन पसरवणाऱ्या जलसेवाल्यांनी तमाशाचा फड उचलून त्यात सावकार, भट आणि कुलकर्णी उभे केले. 1920 च्या आसपास साताऱ्यातल्या कुळांच्या असंतोषाला या जलशांनी शब्द पुरवले.

1942 च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथे मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असे भूमिगत सरकार, उभे राहिले. आज त्याचे मुख्य ठाणे, कुंडल, सांगली जिल्ह्यात येते आणि वाचक गोंधळतो. तेव्हा तासगाव, इस्लामपूर हा मुलूख साताराच होता, आणि कुंडल औंध संस्थानात. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला, 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

भूमिगत चळवळीला पवाडा सोयीचा का, हे त्याच्या बांधणीतच आहे. डफ, तुणतुणे, झांज आणि ‘जी जी रं जी’ म्हणणारे दोन-तीन झीलकरी एवढ्यावर भागते. झीलकरी ओढ धरतात तेवढ्यात शाहिराला पुढचा चौक, म्हणजे कवनाचा पुढचा भाग, आठवायला उसंत मिळते, आणि निरक्षर माणसालाही ध्रुपद, म्हणजे पालुपद, एका रात्रीत पाठ होते. ओल्या हवेत डफाचे कातडे ढिले पडून आवाज बसतो, म्हणून गाण्याआधी ते आगटीवर तापवतात. जास्त तापले तर तडकते. खरी अडचण मात्र वेगळी. शेवटच्या चौकात शाहीर आपले नाव गुंफतो. पोलिसांच्या भीतीने नाव गाळले, कागद ठेवला नाही, की कवन कुणाचे हे पुढे सांगता येत नाही. गावोगाव पाठभेद होतात ते निराळेच.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे शाहीर अण्णाभाऊ साठे गणालाच हात घालतात. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी कम्युनिस्ट विचारांचे लालबावटा कलापथक उभारले. तमाशाला लोकनाट्याचे रूप देताना गवळण, म्हणजे कृष्ण-गवळणींचा प्रवेश, काढून टाकली, आणि गणात गणपतीऐवजी मायभूमी व शिवराय आणले. वगनाट्यातला हा बदल कुठल्याही जाहीरनाम्याइतकाच बोलका आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड वरवर मुंबईत आलेल्या गड्याचा विरह सांगते. शेवटी मात्र मैना म्हणजे तुटलेला मुलूख, बेळगाव, कारवार, निपाणी, हे उलगडते. हल्ली काही गायक पहिली कडवी म्हणून थांबतात. मग उरते ती नुसती नवरा-बायकोची ताटातूट; आणि मिरजेहून निपाणी किती जवळ आहे, हे ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही.