खांद्यावरची पट्टी

नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या जिन्यात पाट्या वाचत वर चढलं तर नाईक, हवालदार, सुभेदार, हजारे अशी आडनावं हमखास भेटतात. पहिली तिन्ही आजही भारतीय लष्करात हुद्दे म्हणून जिवंत आहेत. हजारे ज्यावरून आलं तो हजारी मात्र मागेच राहिला.

शिवकाळात पायदळात दहाएक पाइकांवर नाईक, पाच नाइकांवर हवालदार, त्यावर जुमलेदार आणि मग हजारी अशी रचना होती. गडाच्या किल्ल्या सांभाळणारा तोही हवालदारच. सुभेदार या रांगेत नव्हताच, तो अख्ख्या सुभ्याचा कारभारी. महाराजांनी आबाजी सोनदेवांना कल्याणची सुभेदारी दिली ती या अर्थाने. कल्याणात पेशवाईतला सुभेदारवाडा आजही त्याच नावाने ओळखतात.

ईस्ट इंडिया कंपनीने देशी पलटणी उभारताना हे शब्द उचलले, पण त्यांचं वजन उतरवलं. सुभ्याचा धनी शंभरएक शिपायांच्या तुकडीवर आला. वरच्या जागा गोऱ्यांच्या. पांढऱ्या मिशांच्या सुभेदाराने विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या पोरसवदा लेफ्टनंटला सलाम ठोकायचा, ही रीतच पडली. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. त्या पिढीतल्या शिपायाने कितीही मजल मारली तरी पुढे फार तर सुभेदार मेजर. राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्यांच्या बरोबरीची अधिकाऱ्याची नेमणूक, हिंदी तरुणांना मिळू लागलं ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. १९१९ साली इंदूरहून प्रशिक्षण घेऊन बाहेर पडलेल्या तुकडीत पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा होते. अधिकारी घडवणारी डेहराडूनची लष्करी अकादमी १९३२ ची.

प्रजासत्ताक झाल्यावर, १९५० मध्ये, खांद्यावरचा मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि इंग्रजी ताऱ्याच्या जागी पाच टोकांचा तारा. १९६५ मध्ये सुभेदाराच्या खालच्या जमादाराचा नायब सुभेदार झाला. बरंच झालं म्हणायचं, कारण तोवर ‘जमादार’ हा शब्द गावोगावी भलभलत्या कामांना चिकटला होता. उतरंड मात्र तशीच राहिली: सुभेदार मेजरपर्यंत आपले जुने शब्द, लेफ्टनंटपासून वर सगळे इंग्रजी.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. एकदा त्यांनी कपाटातला गणवेश काढून दाखवला. खांद्यावर दोन तारे. लेफ्टनंटच्याही खांद्यावर दोनच असतात. सुभेदाराला ताऱ्यांसोबत एक आडवी रंगीत पट्टी असते, लेफ्टनंटला ती नसते. बोटभर रुंदीचीही नाही ती, पण अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाने बाविशीतल्या पोराला आधी सलाम करायचा की नाही, हे तिच्यावरून ठरतं. पोरगा मात्र त्यांना ‘साहेब’च म्हणतो.

सोसायटीत त्यांना सगळे ‘मेजर’ म्हणतात. आपल्याकडे फौजेत गेलेला कुणीही मेजरच! सुरुवातीला ते दुरुस्त करायचे. आता नुसता हात वर करतात आणि पाण्याचा पंप लावायला जातात.