मोठ्या मुलाचं व्यसन: आईवडिलांनी काय करायचं, याचं उत्तर कसं बदललं

सज्ञान मुलगा दारूत किंवा गर्दमध्ये (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) अडकला की आईवडिलांना आजही दोनच सल्ले मिळतात. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा एक. 'घराबाहेर काढा, ठेचा खाल्ल्या की शहाणा होईल' हा दुसरा. पहिल्यात एका परक्या मुलीचं आयुष्य पणाला लागतं. दुसऱ्यामागे मात्र इतिहास आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. तिच्या सदस्यांच्या बायकांनी पुढाकार घेतला आणि १९५१ मध्ये अल-अ‍ॅनॉन ही दारुड्यांच्या नातेवाइकांची संघटना उभी राहिली. व्यसन तुमच्यामुळे लागलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही, तुम्ही ते बरंही करू शकत नाही, असं ती सांगते. 'आपलेच संस्कार कमी पडले' म्हणत कुढणाऱ्या आईबापांना यानं खरी उसंत दिली, आजही देते. पण व्यसनी माणसाला उपचारापर्यंत आणणं हे या गटांचं कामच नव्हतं. त्या काळात 'तळ गाठल्याशिवाय तो वळणार नाही' ही समजूत घट्ट झाली. गर्दच्या बाबतीत तळ म्हणजे पुष्कळदा मृत्यूच असतो.

तळाची वाट पाहू नका, असं अमेरिकन धर्मगुरू व्हर्नन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात मांडलं: घरच्यांनी तालीम करून त्याला एकदम समोरासमोर धरायचं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर्स यांनी बांधलेली 'क्राफ्ट' (कम्युनिटी रीइन्फोर्समेंट अँड फॅमिली ट्रेनिंग) पद्धत वेगळी. तिच्यात प्रशिक्षण घरच्यांचं होतं. दारुड्यांच्या १३० आप्तांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अल-अ‍ॅनॉनच्या वाटेनं १३ टक्के, जॉन्सनच्या ३० टक्के आणि क्राफ्टनं ६४ टक्के पिणारे उपचाराला आले. जॉन्सन पद्धतीत बरीच कुटुंबं प्रत्यक्ष सामन्याआधीच माघारी फिरली.

आपल्याकडे नातेवाइकांना उपचारात सामील करून घेण्याची वाट जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांबरोबर कुटुंबांनाही आवारात तंबूत ठेवलं होतं. व्यसनमुक्तीसाठी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशन आणि, गर्दची लाट आल्यावर, १९८६ मध्ये पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट झाला. आईवडिलांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्यांना घटस्फोट घेता येत नाही, आणि मुलगा बहुधा त्यांच्याच छपराखाली राहतो.

म्हणून क्राफ्टचे बारकावे इथे कामाला येतात. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना, दोन-तीन वाक्यांत. 'तू घराण्याचं नाव बुडवलंस' असं नाही, तर 'काल रात्री तू आला नाहीस, मी दोनपर्यंत जागी होते' असं. प्यायलेला असेल तर भांडण नाही, गरम जेवण नाही, शेजारी बसणंही नाही. न पिता आला तर एकत्र जेवायचं. ऑफिसला 'त्याला ताप आहे' असा फोन आपण करायचा नाही, बारची उधारी फेडायची नाही. 'जातो डॉक्टरकडे' ही तयारी काही तासच टिकते, त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्राशी आधीच बोलून ठेवावं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

एक जुनी चूक अजून चालूच आहे: डायसल्फिरामची गोळी गुपचूप आमटीत मिसळणं. १९४८ मध्ये कोपनहेगनमध्ये दारूविरोधी म्हणून पुढे आलेलं हे औषध दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल, उलट्या, रक्तदाब कोसळणं. हृदय कमकुवत असेल तर जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. त्याला माहिती देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यायचं.

जबरदस्तीनं भरती करण्याची वाटही आता अरुंद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार फक्त आईवडिलांच्या सहीवर सज्ञान माणसाला ठेवता येत नाही. स्वतःला किंवा इतरांना इजेचा धोका, किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, असं कारण लागतं. मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि मुदत सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच असते.

सगळ्यात नाजूक काळ येतो तो केंद्रातून परतल्यावर. महिनाभर गर्द बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि स्लिप झाल्यावर, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळल्यावर, जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. ओठ निळे, श्वास मंद आणि हाक मारून जाग नाही, असं दिसलं तर 'झोपलाय, झोपू दे' म्हणून सोडून देऊ नये. लगेच १०८ ला फोन करावा.