बेब रूथच्या करड्या जर्सीची किंमत कशी ठरली: मैदानात वापरलेल्या वस्तूंच्या बाजाराची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात एक जुनी लोकरी जर्सी २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला गेली. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा फलंदाज बेब रूथ ती १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्डवर वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम अजिंक्यपद मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात घालून खेळला होता. त्या सामन्याच्या पाचव्या डावात रूथनं हात उंचावून काहीतरी खूण केली आणि शिकागोचा गोलंदाज चार्ली रूटचा पुढचा चेंडू थेट प्रेक्षकांत टोलावला. होम रन (चेंडू कुंपणापार धाडणारा फटका) कुठे मारणार ते त्यानं आधीच बोटानं दाखवलं होतं, की समोरच्या संघाच्या टोमण्यांना तो उत्तर देत होता, यावर नव्वद वर्षं वाद चालू आहे. गंमत अशी की वाद आख्यायिकेचा आहे, जर्सीचा नाही. ती त्या दिवशी त्याच्या अंगावर होती हे फोटोंवरून पटवता येतं, आणि पैसे त्या पटण्याचे आहेत.

हीच जर्सी २००५ साली ९ लाख ४० हजार डॉलरला विकली गेली होती. म्हणजे एकोणीस वर्षांत पंचवीसपट, चक्रवाढीनं वर्षाला साधारण १८ ते १९ टक्के. या काळात रूथच्या आकडेवारीत अर्थातच एका धावेचीही भर पडली नाही. श्रीमंत संग्राहकांची संख्या वाढली हे खरं, पण त्याबरोबर पुरावा पक्का करण्याचं तंत्रही बरंच पुढे गेलं. या बाजाराचा इतिहास बराचसा पुराव्याचा इतिहास आहे.

सुरुवात चेंडूपासून करायला हवी. क्रिकेटमध्ये षटकार प्रेक्षकांत गेला तरी चेंडू परत येतो, कारण त्याची झीज हा खेळाचाच भाग असतो. बेसबॉलमध्येही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच होतं. मैदानावरचे रखवालदार चेंडूसाठी प्रेक्षकांशी झोंबाझोंबी करत. १९१६ मध्ये शिकागो कब्जचे मालक चार्ल्स वीगमन यांनी चेंडू प्रेक्षकांना ठेवू द्यायला सुरुवात केली. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर चेंडू परत न दिल्याबद्दल हाकलल्या गेलेल्या एका प्रेक्षकानं दावा लावला आणि कोर्टानं त्याला १०० डॉलर मिळवून दिले. मधल्या काळात, ऑगस्ट १९२० मध्ये, क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यावर चेंडू आदळून तो दगावला. मळलेला चेंडू नीट दिसत नाही म्हणून तो वारंवार बदलायचा दंडक त्यानंतर आला. आज एका सामन्यात शंभराहून जास्त चेंडू लागतात. ‘पकडेल त्याचा चेंडू’ हा रिवाज नसता तर होम रनच्या चेंडूंचा लिलाव कधी झालाच नसता.

मात्र रिवाज आला म्हणून लगेच भाव आला नाही. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसनं ६१वा होम रन मारून रूथचा हंगामी विक्रम मोडला, तेव्हा तो चेंडू पकडणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणाला कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलमालकानं ५ हजार डॉलर दिले. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली, कारण रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती.

कपड्यांचं प्रकरण वेगळं. १९७० पर्यंत जर्सी लोकरी फ्लॅनेलच्या असत. खेळाडूला हंगामात घरच्या मैदानासाठी आणि दौऱ्यासाठी मोजक्याच मिळत. हंगाम संपला की त्या सरावाला वापरायच्या, मग खालच्या लीगमधल्या संघांकडे पाठवायच्या. तिथे जुना नंबर उसवून नवा शिवला जाई आणि कापड विरेपर्यंत जर्सी वापरात राहत असे. जपून ठेवणं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्या काळच्या जर्सी आज मिळत नाहीत त्याचं कारण ही काटकसर. १९७० मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी विणीच्या पॉलिएस्टरच्या जर्सी आणल्या आणि दोन-तीन वर्षांत फ्लॅनेल गेलं.

फ्लॅनेलची जर्सी तपासायला आली की जाणकार आधी कॉलरच्या आतला भाग बघतात. उत्पादकाची चिठ्ठी त्या वर्षाशी जुळते का आणि साखळी टाक्यानं शिवलेलं खेळाडूचं नाव मूळचं आहे का, हे पहिले प्रश्न. मग जर्सी उजेडाच्या टेबलावर पसरतात. उसवलेल्या जुन्या आकड्यांची टाक्यांची भोकं आणि त्याखाली कमी उडालेला रंग तिथे सावलीसारखा दिसतो. नंबर परत शिवलेला असेल तर त्याला ‘रिस्टोअर्ड’ म्हणतात, आणि तसं निघालं की भाव चांगलाच घसरतो. शेवटी अंधारात अतिनील दिवा. दुसऱ्या महायुद्धानंतर धाग्यांत आणि साबणांत चमक आणणारी रसायनं सर्रास आली. १९३० च्या जर्सीवरच्या अक्षरांचा दोरा दिव्याखाली निळसर पांढरा उजळला तर तो दोरा नंतरचा. पूर्ण जर्सी उजळली तर ती कधीतरी नव्या साबणानं धुतलेली असू शकते, म्हणून एकट्या दिव्यावर निकाल देत नाहीत.

या सगळ्यातून जर्सी त्या काळातली आणि त्या खेळाडूची, इतकंच ठरतं. कोणत्या सामन्यातली, हे ठरवते फोटो जुळवणी. हातशिलाईमुळे दोन जर्सी तंतोतंत सारख्या कधीच नसतात. यँकीजच्या घरच्या जर्सीवर उभ्या रेघा असतात. रेघ बाहीच्या शिवणीशी कुठे मिळते, हे प्रत्येक जर्सीत वेगळं. दौऱ्याची करडी जर्सी बिनरेघांची, मग तिथे छातीवरची ‘न्यूयॉर्क’ ही अक्षरं कामी येतात: बटणपट्टीपासून अक्षर किती दूर, कोणत्या बटणाच्या किती वर, कुठे किंचित कललेलं. सामन्याच्या मोठ्या, स्पष्ट फोटोत अशा अनेक खुणा एकदम जुळल्या आणि एकही विरोधात गेली नाही, तरच जुळवणी मान्य होते. फसगत होते ती धूसर फोटोंमुळे, आणि अंग वळलेलं असताना कापडाला पडलेल्या चुणीमुळे. चुणीत अक्षर सरकलेलं दिसतं. वृत्तसंस्थांचे जुने संग्रह डिजिटल झाले तसे पूर्वी कुणी न पाहिलेले फोटो हाती आले, आणि ‘रूथची एक जर्सी’ आणि ‘रूथची त्या दिवसाची जर्सी’ यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडला. २०१२ मध्ये रूथची १९२० च्या सुमाराची एक जर्सी ४४ लाख डॉलरला गेली होती. वर सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

पुराव्याची ही भूक लागली ती ठेच लागल्यावर. सप्टेंबर १९९९ मध्ये न्यू जर्सीचे संग्राहक बॅरी हॅल्पर यांचा प्रचंड संग्रह सदबीज या लिलाव कंपनीनं विकला, दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम आली. त्याआधी संग्रहाचा काही भाग कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेम या बेसबॉल संग्रहालयासाठी घेतला गेला होता. पुढे त्यातल्या कित्येक वस्तूंवर प्रश्न उभे राहिले. जुना खेळाडू शूलेस जो जॅक्सनची म्हणून ठेवलेली १९१९ ची जर्सी तपासणीत नंतरच्या काळातल्या साहित्याची निघाली. त्याच सुमारास एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’नं बनावट सह्यांचे कारखानेच उघड केले.

बनावट सहीचा चेंडू ओळखायला कित्येकदा अक्षर बघावंच लागत नाही. २००० पूर्वीच्या अधिकृत चेंडूंवर लीगच्या अध्यक्षाची सही छापलेली असे. दोन प्रमुख लीगपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचे विल हॅरिज १९३१ मध्ये अध्यक्ष झाले. त्यांची छापील सही असलेला चेंडू यँकीजच्या १९२७ च्या संघाचा असणं शक्यच नाही, वर रूथची सही कितीही सुबक असो.

यातून मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेची स्वतःची प्रमाणीकरण योजना २००१ मध्ये सुरू झाली. तिचा नियम साधा आणि कडक आहे: डोळ्यांसमोर घडलं नाही त्याला शिक्का नाही. प्रत्येक सामन्याला आजी किंवा माजी पोलीस पेशातले प्रमाणक डगआउटजवळ (खेळाडूंच्या बाकांच्या जागेजवळ) बसतात. खेळातून बाहेर काढलेला चेंडू त्यांच्या हातात येतो. ते त्यावर काढायला गेलं की फाटणारा होलोग्राम चिकटवतात आणि त्यावरचा क्रमांक नोंदवतात. कुणी टाकलेला चेंडू, कोणता डाव, काय घडलं, हे त्या क्रमांकावरून कुणालाही पाहता येतं. अडचण होम रनची. चेंडू कुंपणापार गेला की प्रमाणकाच्या नजरेआड झाला. म्हणून मोठा विक्रम जवळ आला की त्या फलंदाजासाठी आधीच खुणा केलेले चेंडू वापरतात, त्यातल्या काही खुणा साध्या डोळ्याला दिसत नाहीत. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा हे फलंदाज मॅरिसच्या विक्रमामागे लागले तेव्हा हे केलं होतं, २०२२ मध्ये यँकीजचा फलंदाज एरन जजच्या वेळीही.

बॅटचं शास्त्र आणखी वेगळं, कारण तिथे कारखान्याच्या वह्या मदतीला येतात. लुइव्हिल स्लगर बनवणाऱ्या हिलरिच अँड ब्रॅड्सबीकडे खेळाडूनिहाय मागण्यांच्या नोंदी आहेत: लांबी किती इंच, वजन किती औंस, कोणतं मॉडेल. बॅटवरच्या छापाची धाटणी ठरावीक वर्षांनी बदलत गेली, त्यावरून काळ ठरतो. मॉडेलचा क्रमांक १९४० च्या दशकात मुठीच्या टोकावर येऊ लागला आणि १९७६ पासून तो वरच्या भागावर गेला. मग वापराच्या खुणा. फलंदाज छाप वर ठेवून बॅट धरतो, त्यामुळे चेंडूचे ठसे छापाच्या एका बाजूला पडतात. डावखुऱ्याच्या बॅटवर विरुद्ध बाजूला. रूथ डावखुरा होता, ठसे उलट बाजूला असले तर बॅट त्याच्या मापाची असूनही दुसऱ्यानं वापरलेली. लाल शिवणीचे उमटलेले टाके, स्टँडला घासून लागलेला रंग, बुटाच्या खिळ्यांचे ओरखडे, पकड घट्ट राहावी म्हणून मुठीवर लावलेल्या पाइनच्या डांबराचा (पाइन टार) थर हे सगळं मोजलं जातं. वजनात थोडी तूट चालते, कारण लाकूड वाळतं. वाढलेलं वजन मात्र संशयास्पद. विकण्याआधी बॅट पुसून लख्ख करणारे लोक अजूनही भेटतात, आणि त्या डांबरासोबत अर्धा पुरावा पुसून टाकतात. फ्लॅनेल ड्रायक्लीनला देणं तसंच. कापड सपाट, आम्लमुक्त कागदात, अंधारात ठेवायचं, हँगरला लटकवलं की खांदे ओढले जातात. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल अडकते आणि कसर लागलेली कळतही नाही.

खर्चाबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जाहीर होणाऱ्या लिलावाच्या रकमेत खरेदीदाराचं कमिशन धरलेलं असतं, ते बोलीच्या वर २० टक्के किंवा जास्त. विकणाऱ्याला तेवढं मिळत नाही. शिवाय अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरपेक्षा जास्त. दोन-चार वर्षांत उलाढाल करणाऱ्याचा भाव वाढूनही तोटा होतो तो इथे.

पुरावा असा स्वस्त आणि सार्वत्रिक झाल्यावर नवी अडचण आली: आता प्रत्येक गोष्टीला पुरावा आहे. दरवर्षी लाखो वस्तूंना होलोग्राम लागतो. त्यात भर म्हणजे १९९७ पासून खेळाडूंची संग्राह्य चित्रकार्डं काढणाऱ्या कंपन्या खऱ्या जर्सींचे तुकडे कार्डात बसवू लागल्या. २००३ मध्ये डॉनरस या कार्ड कंपनीनं अडीच लाख डॉलरहून जास्त किमतीला घेतलेली रूथची एक जर्सी कात्रीखाली घातली. हा निव्वळ करंटेपणा होता असं आमचं मत. आजच्या चांगल्या खेळाडूची मंगळवारच्या साध्या सामन्यातली जर्सी पन्नास वर्षांनी रूथच्या वाटेनं जाईल ही आशा पुराव्यानिशी आलेल्या वस्तूंच्या या गर्दीमुळे फोल आहे. भाव राहतो तो एकमेव क्षणाला, आणि त्या क्षणाचा भाव खेळाडूच्या नावाला पुढे काय होतं त्यावर.

मॅग्वायरचं उदाहरण त्यातलं सर्वात बोलकं. १९९८ मधल्या त्याच्या विक्रमी ७०व्या होम रनचा चेंडू जानेवारी १९९९ मध्ये टॉड मॅकफार्लेन यांनी सुमारे ३० लाख डॉलरला घेतला. तीन वर्षांच्या आत बॅरी बाँड्सनं एका हंगामात ७३ होम रन मारले, आणि २०१० मध्ये मॅग्वायरनं स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. बाँड्सचा ७३वा चेंडू तर आधी कोर्टात गेला. दोन प्रेक्षकांनी त्यावर हक्क सांगितला, न्यायाधीशांनी विकून निम्मे-निम्मे घ्यायला सांगितलं, आणि २००३ मध्ये त्याचे साडेचार लाख आले. विकत घेणारे पुन्हा मॅकफार्लेनच. २००७ मध्ये कारकिर्दीतल्या सर्वाधिक होम रनचा विक्रम करणारा बाँड्सचा ७५६वा चेंडू ७ लाख ५२ हजार ४६७ डॉलरला गेला. खरेदीदार मार्क एको यांनी त्याचं काय करायचं यावर लोकांचं मत घेतलं, आणि चेंडूवर फुलीसारखी तारांकित खूण (विक्रमावर शंका असल्याची) कोरून तो कूपर्सटाउनला दिला. याउलट शोहेई ओहतानीचा सप्टेंबर २०२४ मधला पन्नासावा होम रन, म्हणजे एकाच हंगामात ५० होम रन आणि ५० चोरलेले बेस (चेंडू न टोलावता धावून गाठलेले पुढचे टप्पे) पुरे करणारा चेंडू, महिनाभरात ४३ लाख ९२ हजारांना विकला गेला. एरन जजच्या ६२व्या होम रनच्या चेंडूला, तो अमेरिकन लीगचा विक्रम असूनही, १५ लाख मिळाले होते.

वारसा उलट्या दिशेनंही बदलतो. मे २०२४ मध्ये मेजर लीगनं निग्रो लीग्जची, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वेगळ्या चाललेल्या लीगची, आकडेवारी आपल्या नोंदींत सामावून घेतली, आणि तिथला फलंदाज जॉश गिब्सन कारकिर्दीतल्या .३७२ च्या फलंदाजी सरासरीनं टाय कॉबच्या आजवर अव्वल असलेल्या .३६७ च्या वर गेला. गिब्सन १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू वर्णभेदाची भिंत मोडून मेजर लीगमध्ये उतरायच्या तीन महिने आधी वारला. निग्रो लीग्जमधल्या बहुतेक संघांना ना पक्कं मैदान होतं, ना कपड्यांचं कपाट, ना वृत्तसंस्थांचे रोजचे फोटोग्राफर. त्यामुळे गिब्सनच्या हातातली म्हणून आणलेल्या बॅटला जुळवायला फोटो सहसा सापडतच नाही.