सीटचं माप जमिनीवर नाही, पेडलवर घ्या

नाशिकमध्ये सायकल घ्यायला गेलं की दुकानदार असो वा शेजारचे काका, परीक्षा एकच: सीटवर बसा, दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले की माप बरोबर. हे चुकीचं आहे. थांबताना सीटवर बसून राहायचंच नसतं. पुढे सरकून मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं.

सीटची उंची पेडल ठरवतं. भिंतीला धरून बसा, पेडल अगदी खाली न्या, त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट खाली असेल तर गुडघा जास्त दुमडतो, वाटीमागे दाब वाढतो. सातपूरला रोज सायकलने कामावर जाणाऱ्याचं ‘आता वय झालं’वालं दुखणं कित्येकदा नुसती दोन इंच खाली बसवलेली सीट असते! उलट, पेडल मारताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट फार वर गेली.

सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, सिग्नलला धाकधूक होते? सुरुवातीला सीट थोडी खाली ठेवा, मग सेंटिमीटरभर चढवत जा. फक्त सीटच्या पाइपवरची ‘मिनिमम’ खूण (पाइप किमान किती आत राहायला हवा ते सांगणारी) बाहेर दिसता कामा नये.